दुष्काळातील लेकींची माउली : पंडिता रमाबाई

एप्रिल महिन्याची ५ तारीख ही पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. १९२२ साली याच दिवशी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि बायबलच्या भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. परंतु त्यांच्या जीवनातील ज्या कार्याने हजारो बालजीवांचे भवितव्य पालटले, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते कार्य म्हणजे दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना वाचविण्याचे आणि वाचविल्यानंतर उभे करण्याचे.

जगात कोठे युद्ध पेटले, भूकंप झाला किंवा अवर्षण पडले की मदतीची आवाहने होतात. धान्य, औषधे, कपडे आणि पैसा समुद्र ओलांडून जातो. आपणही प्रायश्चित्तकाळात आपल्या धर्मग्रामातून यथाशक्ती हातभार लावतो. मात्र दूरवरून आलेली ती मदत एखाद्या बालकाच्या हाती पडल्यावर त्याच्या आयुष्यात नेमके काय घडते? ते बालक केवळ एक दिवस जगते, की त्याचे संपूर्ण जीवन बदलते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव या लहानशा गावी, सव्वाशे वर्षांपूर्वी, एका मराठी स्त्रीने ते उत्तर आपल्या कृतीने देऊन ठेवले आहे.

भुकेशी पहिली ओळख

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दाट अरण्यातील गंगामूळ या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकणे हा अपराध मानला जात असे, अशा त्या काळात त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना ती विद्या दिली आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या लेकीला दिली. पुढे या कुटुंबाने घरदार सोडले आणि तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत ते देशभर फिरू लागले. श्रोत्यांच्या दक्षिणेवर त्यांचा चरितार्थ चाले.

१८७० नंतरच्या दशकात दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पडला. लोकांच्याच घरी अन्न नव्हते, तेथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? शारीरिक कष्टाची सवय नाही, हात पसरण्याची वृत्ती नाही, अशा स्थितीत या कुटुंबाची उपासमार झाली. थोड्याच काळाच्या अंतराने रमाबाईंनी वडील, आई आणि थोरली बहीण या तिघांनाही गमावले. मागे राहिले ते दोघे भाऊबहीण, श्रीनिवास आणि रमा.

त्या दोघांनी हजारो मैल पायी तुडविले. मूठभर धान्य पाण्यात भिजवून, त्यावर किंचित मीठ टाकून त्यांनी कित्येक दिवस काढले. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते. तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून, त्यात निजून, वर कोरडी वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे वीस वर्षांनी जेव्हा त्यांनी दुष्काळग्रस्त मुलींचे चेहरे पाहिले, तेव्हा त्या चेहऱ्यांत त्यांना स्वतःचेच बालपण दिसले.

मान, दुःख आणि नवी वाट

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एका रात्रीत तिचे नाव देशभर झाले. परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १८८० साली श्रीनिवास मरण पावले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीची आणि प्रांताची बंधने ओलांडणारा हा विवाह त्या काळी मोठ्या धैर्याचा होता. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत ही विदुषी आईवडील, बहीण, भाऊ आणि पती या सर्वांना पारखी झाली होती. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर घडविण्याची मागणी केली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या सहवासात राहत असताना त्यांना एक गोष्ट विशेष भिडली. समाजाने टाकून दिलेल्या, वाट चुकलेल्या स्त्रियांची सेवा या भगिनी कोणताही तिटकारा न बाळगता करीत होत्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाई आणि चिमुकली मनोरमा यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. रमाबाई कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. इतकेच नव्हे, तर ज्या अँग्लिकन मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेथील अधिकाऱ्यांचे प्रत्येक म्हणणेही त्यांनी निमूटपणे मान्य केले नाही. श्रद्धा स्वतः तपासून स्वीकारावी असा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत होता. तरीही दुर्बलांच्या सेवेतून प्रभूला ओळखण्याची त्यांची वाट आपल्याला अनोळखी वाटण्यासारखी नाही.

शारदा सदन : मदत आणि तिच्या अटी

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि तेथेच सुमारे तीन वर्षे राहिल्या. या काळात त्यांनी बालवाडीच्या फ्रोबेल पद्धतीचा अभ्यास केला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या दुःस्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि गावोगावी व्याख्याने दिली. परिणामी १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. भारतातील बालविधवांसाठी काढावयाच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य करण्याचे वचन या संस्थेने दिले. अमेरिकेच्या अनेक शहरांतून लहान लहान मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासदांची वार्षिक वर्गणी या कार्याकडे वळू लागली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदनाचा प्रारंभ झाला. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि आनंदीबाई कर्वे म्हणून ती महाराष्ट्राला परिचित झाली. केस काढलेल्या, घराच्या कोपऱ्यात बसविलेल्या एका मुलीला शाळेत जागा मिळाली, तर तिच्या आयुष्याची दिशा कशी बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मात्र मदतीचा मार्ग नेहमीच सरळ नसतो. सदनात धर्माची शिकवण दिली जाणार नाही, असे ठरलेले होते. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या मते कोणावर सक्ती नव्हती आणि कोणाला मज्जावही नव्हता. सल्लागारांच्या मते दिलेल्या वचनाला बाधा आली होती. हा वाद आजही अभ्यासकांत चर्चिला जातो आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्याचे पोट रिकामे आहे त्याच्याशी देणारा माणूस बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही. म्हणून देणाऱ्याने आपला हेतू पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, हा धडा त्यातून प्रत्येक मदतकर्त्याने घ्यावा असा आहे.

१८९६ चा दुष्काळ

१८९६ साली पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतासह देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पसरला. बातम्या येऊ लागल्या तशा रमाबाई अस्वस्थ झाल्या. शारदा सदनाचा पसारा, जवळचा तुटपुंजा निधी, कोणतीच गोष्ट अनुकूल नव्हती. तरीही त्या निघाल्या आणि मध्य प्रांतातील दुष्काळी भागात प्रत्यक्ष फिरल्या.

सरकारने तेथे खडी फोडण्याची कामे काढली होती आणि निराधारांसाठी अन्नछत्रे व आश्रयस्थाने उघडली होती. मदत तर पोहोचली होती, पण रमाबाईंच्या अनुभवी दृष्टीला तेथे आणखी काही दिसले. हाडांचा सापळा झालेली मुले उघड्यावर थंडीत कुडकुडत होती. अन्न वाटणारे हातच कधी कधी त्यात वाटा मारीत होते. सर्वांत भयंकर म्हणजे एकट्या पडलेल्या मुलींवर नजर ठेवून माणसे वावरत होती. आईबाप गेलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला भाकरीच्या आमिषाने कोणीही घेऊन जावे आणि तिचा पुढे पत्ताही लागू नये, असे चालले होते. दुष्काळात मुलगा उपाशी मरतो, पण मुलगी उपाशी मरण्याआधीच विकली जाते, हे सत्य रमाबाईंना तेथे उमगले. नुसते अन्न पुरेसे नव्हते. त्या मुलींना सुरक्षित दाराची गरज होती.

रमाबाईंनी स्वतः आणि आपल्या सहकाऱ्यांमार्फत अशा सुमारे ३०० मुली आणि तरुण विधवा गोळा करून आणल्या. त्या आल्या तेव्हा कोणाच्या अंगावर चिंध्या होत्या, कोणाला खरूज, कोणाला ताप, कोणाचे तोंड आले होते. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न दिले तर तेच घातक ठरते. म्हणून थोडे थोडे, वेळेवर, प्रसंगी हाताने भरवावे लागते. सर्वच मुली वाचल्या नाहीत. काहींना उशीर झालेला होता. परंतु ज्या गेल्या त्या रस्त्याच्या कडेला बेवारस गेल्या नाहीत.

संकटे एकटी येत नाहीत. १८९७ च्या प्रारंभी पुण्यात प्लेगची साथ पसरली आणि शहरात एवढ्या मुलींना ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. प्लेगच्या बंदोबस्तात आणि रुग्णालयांत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली, तेव्हा सरकारचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. गरिबांची बाजू घेताना त्यांनी ना स्वकीयांची भीड बाळगली, ना राज्यकर्त्यांची.

केडगावचे मुक्ती सदन

सुदैवाने केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून तेथे फळबाग आणि शेती करावी असा मूळ विचार होता. त्या उघड्या माळावर आता राहुट्या आणि तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या. विहिरी खणल्या गेल्या, इमारती बांधल्या गेल्या आणि त्या वसाहतीला ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. १८९९-१९०० मध्ये गुजरात आणि राजपुताना भागात आणखी भीषण दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंच्या सहकारी तिकडे धावल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीत सुमारे १५०० जीव राहत होते आणि गोठ्यात शंभरावर जनावरे होती.

येथेच रमाबाईंच्या कार्याचा खरा विशेष दिसतो. पंधराशे जणींना दोन वेळा जेवू घालणे ही गोष्ट लहान नाही. परंतु त्यांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. प्रत्येक मुलीने लिहावयास-वाचावयास शिकलेच पाहिजे आणि तिच्या हाताला एखादे काम आलेच पाहिजे, हा मुक्तीचा नियम होता. कोणी शेतात राबे, कोणी गाईम्हशींची निगा राखी, कोणी मागावर कापड विणी, कोणी शिवणकाम शिके. तेलाचा घाणा होता. छापखाना होता आणि त्यात अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंतची कामे मुली करीत. ज्या बुद्धीने हुशार त्या शिक्षिका झाल्या, ज्यांच्या अंगी सेवेची आवड त्या परिचारिका झाल्या.

अंध मुलींसाठीही मुक्तीत स्थान होते. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकविण्याची व्यवस्था केली. दृष्टी नसलेली मुलगी बोटांनी वाचू लागली, टोपल्या विणू लागली, इतरांना शिकवू लागली. समाजाने कलंकित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले गेले. वाँटेजला पाहिलेले ते दृश्य रमाबाई विसरल्या नव्हत्या.

काही वर्षांपूर्वी ज्यांना हाताने पेज भरवावी लागली होती, त्याच मुली पुढे नव्याने येणाऱ्या लहानग्यांना न्हाऊमाखू घालू लागल्या. १९०० च्या दुष्काळात आलेल्या मुलींना सांभाळण्याचे पुष्कळसे काम १८९७ साली वाचलेल्या मुलींनी केले. घेणारे हात देणारे झाले. मदत सफल झाली की नाही, हे ओळखण्याची याहून मोठी खूण कोणती?

सातासमुद्रापलीकडील ओंजळ

हे सर्व चालत होते ते प्रामुख्याने देणग्यांवर. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील सामान्य ख्रिस्ती कुटुंबे, शाळांतील मुले, विधवा स्त्रिया आपापल्या परीने रक्कम पाठवीत. मुक्तीतून ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचे पत्रक निघे आणि येथील मुलींची हकिगत त्यातून देणगीदारांपर्यंत पोहोचे. १८९८ साली बोस्टनच्या संस्थेची दहा वर्षांची मुदत संपली, तेव्हा रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या, कार्याचा वृत्तान्त सादर केला आणि पाठिंब्याची नवी व्यवस्था करून परतल्या.

त्याच सुमारास भारतातील दुष्काळाच्या वार्तेने साऱ्या जगाचे मन हेलावले होते. १९०० साली अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या पुढाकाराने गोळा झालेला मका घेऊन ‘क्विटो’ नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबई बंदरात आले. परदेशातील अनेकांनी येथील अनाथ बालकांच्या पालनाचा खर्च उचलला. भारताच्या नकाशावर गाव कोठे आहे हेही ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्या घासातला घास केडगावच्या माळावर पोहोचला. परंतु तो घास वाया गेला नाही याचे श्रेय या मातीतील एका स्त्रीला द्यावे लागेल. मुलींची भाषा, त्यांची भीती, त्यांची लाज आणि त्यांचा स्वाभिमान तिला आतून ठाऊक होता. दूरची मदत आणि जवळचे माणूस एकत्र आले, तेव्हाच हे कार्य उभे राहिले.

जगाने नंतर लिहिले ते

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात लक्षावधी बालके उपाशी होती. त्यांच्यासाठी १९१९ साली इंग्लंडमध्ये एग्लंटाइन जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली. जेब यांनी तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा १९२४ साली राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे स्वीकारला. भुकेल्या बालकाला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, अनाथाला निवारा मिळावा; संकटात पहिली मदत बालकाला मिळावी; त्याला स्वतःची उपजीविका करण्यास समर्थ करावे आणि शोषणापासून त्याचे रक्षण करावे; आपले गुण मानवजातीच्या सेवेसाठी आहेत या जाणिवेने ते वाढावे, असा त्या छोट्याशा जाहीरनाम्याचा आशय आहे.

तो वाचताना केडगाव डोळ्यांपुढे उभे राहते. रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी जगाने जे कागदावर उतरविले, ते जवळजवळ सर्व त्यांनी सत्तावीस वर्षे आधी प्रत्यक्ष आचरणात आणण्यास प्रारंभ केला होता. १९४६ साली संयुक्त राष्ट्रांनी युनिसेफची स्थापना केली, तर १९८९ साली बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच १९८९ साली भारत सरकारने रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. हा योगायोग असला तरी बोलका आहे.

अखेरचे दिवस

रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे, हा त्यांचा ध्यास होता. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. छपाईची कामे मुक्तीतील मुलींनीच केली. १९१९ साली सरकारने त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ पदक देऊन गौरविले. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांच्या कार्याची वारस ठरावी अशी एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्याआधी निघून गेली. हा अखेरचा घाव सोसूनही त्यांनी भाषांतर पूर्ण केले आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आतच त्या प्रभूला प्रिय झाल्या. जिचे पोटचे एकुलते एक अपत्य गेले, तिच्या मागे शोक करावयास शेकडो लेकी होत्या. मुक्ती मिशनचे कार्य केडगाव येथे आजही चालू आहे.

आपल्यासाठी

आपण नवी मुंबईचे रहिवासी. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल या आपल्या वसाहतींत उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि त्या बांधण्यासाठी गाव सोडून आलेली कुटुंबे त्यांच्याच सावलीत पत्र्याच्या झोपड्यांत राहतात. कित्येकांच्या मुलांची शाळा प्रत्येक नव्या बांधकामाबरोबर सुटते. नाताळात आपण त्यांना खाऊ आणि कपडे देतो. ते चांगलेच आहे. परंतु रमाबाईंचे जीवन आपल्याला पुढचा प्रश्न विचारते. खाऊ संपल्यानंतर त्या बालकाचे काय? त्याचे नाव शाळेच्या पटावर लागले आहे काय? कामाची जागा बदलली तर त्याचे शिक्षण पुढे चालू राहावे म्हणून कोणी पाठपुरावा करणार आहे काय? एकट्या राहणाऱ्या मुलीला सुरक्षित दार आहे काय?

वाळूच्या खड्ड्यात निजून थंडी काढलेल्या एका मुलीने मोठेपणी पंधराशे जणींच्या डोक्यावर छप्पर घातले. आज एखाद्या झोपडीत झोपलेल्या मुलीमध्येही उद्याच्या कित्येकांचा आधार दडलेला असेल. तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचणे, आणि पोहोचल्यावर तिचा हात लवकर न सोडणे, हेच रमाबाईंचे खरे स्मरण ठरेल.